बंदी दगावला, मोबाइल सापडला, मोठा माणूस आत आला: पत्रकारांना काय सांगायचं?

प्रश्न असा आहे: "मध्यवर्ती कारागृहात तुरुंगाधिकारी आहे. अधीक्षक साहेबांनी प्रेसचं काम माझ्याकडे दिलंय. काही घडलं की फोन सुरू होतात. काय सांगावं, काय सांगू नये, आणि बंद्याची मुलाखत मागणाऱ्या पत्रकाराला काय उत्तर द्यावं?"

आधी हे बघा, की हे काम तुमच्याकडे लेखी आलंय का. तोंडी सांगण्यावरून कॅमेऱ्यापुढे बोललात आणि बातमी अंगाशी आली, तर वर्तणूक नियमांप्रमाणे विनापरवानगी माहिती दिल्याचा खुलासा तुम्हालाच मागतील. अर्ध्या पानाचा कार्यालयीन आदेश काढून घ्या. त्यात तुमचं नाव, तुम्ही रजेवर असाल तेव्हा कोण, आणि विषयांची वाटणी हवी. मुलाखतीच्या वेळा, नातेवाइकांसाठीची कागदपत्रं, दिवाळीच्या फराळाचा स्टॉल, हे तुम्ही परस्पर सांगू शकता. झडतीत काही सापडलं, मारामारी झाली, कुणाला रुग्णालयात हलवलं, तर अधीक्षकांना विचारून. मृत्यू, पलायन, कर्मचाऱ्यावरचा आरोप, कोर्टात चालू असलेली बाब, ही पुण्याच्या मुख्यालयाला कळवून, त्यांच्या मान्यतेनेच. ही मान्यता रात्री दोन वाजताही मिळेल असा मोबाइल नंबर आदेशातच लिहून ठेवा. निम्म्या वेळा बातमी चुकते ती मान्यतेची वाट बघत गप्प बसल्यामुळे.

दुसरी गोष्ट, मुख्य दरवाजा. तुमची प्रेसनोट निघायच्या आधी कॅमेरा गेटवरच्या शिपायापाशी पोचलेला असतो, आणि "अंदर कुछ नहीं हुआ" हे त्याचं वाक्य दिवसभर टीव्हीच्या पट्टीवर फिरतं. प्रत्येक पाळीच्या गेट-शिपायाला एकच वाक्य पाठ करून द्या: "मला बोलायचा अधिकार नाही, हा कार्यालयाचा नंबर घ्या." नंबर छापलेली चिठ्ठी गेटवर ठेवा. हाताने कॅमेरा झाकायचा नाही. झाकलेल्या लेन्सचा तो एक सेकंद पुढे वर्षभर फाइल-चित्रण म्हणून दाखवतात.

आता मूळ गोष्ट. कारागृहाचं म्हणणं नोंदवहीतून यावं, आठवणीतून किंवा अंदाजातून नको. गेट रजिस्टर, दवाखान्याचं रजिस्टर, रुग्णवाहिकेचं लॉगबुक, सर्कलची (बराकींच्या विभागाची) रात्रपाळीची नोंद, यांत जे लिहिलंय तेवढंच बोलायचं. जे अजून कुठेच लिहिलेलं नाही ते "चौकशीत समोर येईल" एवढंच. हे पाळलं की बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर येतं.

मृत्यूबद्दल सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. बंद्याचा मृत्यू झाला की राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांच्या आत कळवायचं असतं, ही पद्धत आयोगाच्या डिसेंबर १९९३ च्या पत्रापासूनची. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे १७६ होतं) न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होते. शवविच्छेदनाचं चित्रीकरण करावं अशी आयोगाची १९९५ पासूनची सूचना आहे. न्यायाधीन (खटला अजून निकाली न निघालेला) बंदी असेल तर त्याचा खटला ज्या कोर्टात आहे तिथेही कळवावं लागतं. ही सगळी माहिती तुमच्या प्रेसनोटमध्ये एका ओळीत यायला हवी, कारण "चौकशी कोण करतंय" हा पत्रकाराचा दुसरा प्रश्न असतो. पहिला असतो "कारण काय".

या दोन्हींच्या आधी घरचे. नातेवाइकांना बातमी टीव्हीवरून कळली की पुढचं तुमचं एकही वाक्य कुणी खरं मानत नाही. निरोप फक्त पोलीस ठाण्यामार्फत पाठवून मोकळं होऊ नका. उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधल्या गावी तो दुसऱ्या दिवशी पोचतो. मुलाखत रजिस्टर आणि फोन सुविधेच्या यादीत घरच्यांचे नंबर असतात, ते काढा. फोन तुरुंगाधिकाऱ्याने किंवा त्याहून वरच्याने करावा, शिपायाने नाही. समोरच्याची भाषा येणारा माणूस शेजारी बसवा. "तब्येत गंभीर आहे, या" असं खोटं सांगून बोलावू नका. माणसं वाटेत मोबाइलवर बातमी वाचतात आणि गेटवर पोचतात तेव्हा आपल्याला फसवलं हीच भावना घेऊन येतात. मृत्यू झालाय हे स्पष्ट सांगा, शव कुठे आहे, शवविच्छेदन कधी, कुणाला भेटायचं, ओळखीचा कोणता कागद आणायचा, हे सांगा आणि फोनची वेळ व उचलणाऱ्याचं नाव नोंदवहीत लिहा. वेळेवर कळवणं किती महत्त्वाचं, हे फेब्रुवारी २०१३ मध्ये देशाने पाहिलं. तिहारने अफझल गुरूच्या फाशीची खबर घरी स्पीड पोस्टाने पाठवली आणि पत्र फाशी होऊन गेल्यावर पोचलं. पुढे जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळवणं आणि फाशी यांत किमान १४ दिवसांचं अंतर आणि घरच्यांना आगाऊ सूचना, हे बंधनकारकच केलं.

घरच्यांना कळेपर्यंत नाव द्यायचं नाही. पत्रकाराकडे नाव आधीच असेल तर "नातेवाइकांना कळवण्याचं काम चालू आहे, तोवर नावाला दुजोरा देता येत नाही" एवढं बोला. "असं काही नाही" म्हणू नका. दुजोरा न देणं चालतं, खोटं बोलणं चालत नाही, आणि पत्रकाराला दोन्हींतला फरक नीट कळतो.

आता नोट. नेहमी निघते ती साधारण अशी असते:

"येथील बंद्यास छातीत दुखू लागल्याने तातडीने रुग्णालयात दाखल केले असता उपचारादरम्यान हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने त्याचे दुःखद निधन झाले. तो बऱ्याच दिवसांपासून आजारी होता. यात कारागृह प्रशासनाचा कोणताही हलगर्जीपणा नाही."

तीन वाक्यं आणि प्रत्येकात सुरुंग. "तातडीने" म्हणजे किती मिनिटांत? गेट रजिस्टरवर रुग्णवाहिका सव्वा तासाने बाहेर पडलेली दिसली की हा एक शब्द अख्खी नोट बुडवतो. "उपचारादरम्यान" हे तर फार सांभाळून लिहावं. माणूस आतच गेला असेल आणि रुग्णालयाच्या कागदावर 'आणण्यापूर्वीच मृत' असा शेरा असेल, तर तुम्ही आणि रुग्णालय परस्परविरुद्ध बोलत असता. हृदयविकार हे निदान शवविच्छेदनाआधी कुणी केलं? व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला असेल तर डॉक्टर स्वतः महिनाभर कारण सांगत नाहीत. "बऱ्याच दिवसांपासून आजारी" म्हटलं की लगेच प्रश्न येतो, मग उपचार काय केले? शिवाय ही त्याची वैद्यकीय माहिती आहे, ती वाटायचा तुम्हाला अधिकार नाही. आणि हलगर्जीपणा नाही हा निष्कर्ष न्यायदंडाधिकाऱ्यांनी काढायचा असतो. चौकशी सुरू व्हायच्या आत तुम्ही तो जाहीर केलात, तर ही नोटच चौकशीच्या कागदांत लागते.

त्याऐवजी असं लिहा (वेळा नमुन्यादाखल आहेत):

"आज पहाटे ४.१० वाजता एका न्यायाधीन बंद्याने (पुरुष, वय ४३) छातीत दुखत असल्याचे बराकीवरील शिपायास सांगितले. ४.२५ वाजता कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासले. ४.५० वाजता रुग्णवाहिका शासकीय रुग्णालयाकडे रवाना झाली. ५.२० वाजता रुग्णालयातील डॉक्टरांनी मृत घोषित केले. नातेवाइकांना ६.०५ वाजता दूरध्वनीवरून कळवले आहे. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली असून न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी होईल. मृत्यूचे कारण शवविच्छेदनानंतर स्पष्ट होईल. पुढील माहिती आज सायंकाळी ५ वाजता देण्यात येईल."

यात एकही विशेषण नाही. प्रत्येक वेळेपुढे तुमच्याकडच्या कच्च्या प्रतीवर कुठल्या रजिस्टरचं कितवं पान ते पेन्सिलीने लिहा. दोन रजिस्टरांत वेळ जुळत नसेल, आणि ती हमखास जुळत नाही कारण सर्कलचं घड्याळ आणि गेटचं घड्याळ वेगवेगळं चालतं, तर ती वेळ नोटमध्ये घालूच नका. रजिस्टर "दुरुस्त" करायचा मोह कुणाला झाला तर तिथेच थांबवा. तो गुन्हा आहे. सायंकाळी पाच म्हटलंय तर पाचला बोला, सांगण्यासारखं काही नसलं तरी "शवविच्छेदन चालू आहे, नवीन माहिती नाही" असं सांगा. न बोलण्याने पडलेली पोकळी मग कुणीतरी सुटून आलेला बंदी भरून काढतो.

आत्महत्येची शक्यता असेल तर पद्धत, जागा, वापरलेली वस्तू, चिठ्ठीतला मजकूर, यांतलं काहीही बाहेर जाता कामा नये. प्रेस कौन्सिलची २०१९ ची मार्गदर्शक सूत्रं पत्रकारांनाही हेच सांगतात, तेव्हा संकोच न करता त्यांची आठवण करून द्या. आत टीव्ही आणि वर्तमानपत्रं असतात, बाजूच्या बराकीतले लोक तीच बातमी वाचतात. "नैराश्यातून" हा शब्द तर अजिबात नको. तो मानसिक उपचार घेत होता हे जाहीर करणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या विरुद्ध जातं. एचआयव्ही बाबतही त्याच वर्षीचा वेगळा कायदा आहे.

घरच्यांनी मारहाणीचा आरोप केला तर "आरोप बिनबुडाचे आहेत" हे तयार उत्तर गिळून टाका. अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंतचं सीसीटीव्ही चित्रण जतन केलंय असं सांगता आलं तर ते सगळ्यात वजनदार उत्तर, पण ते खरोखर वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून सीलबंद केलेलं असेल तरच सांगा. चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून प्रेसनोटच्या आधी ते काम. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका बंदी महिलेच्या मृत्यूनंतर बंद्यांनी छतावर चढून आक्रोश केला, काही दिवसांतच सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. आतल्या गोष्टी आत राहतात हा समज जुना झालाय. न्यायाधीन बंदी तारखेला जातात, वकिलांशी बोलतात, घरी फोन करतात. बातमी बाहेर पडते की नाही हा प्रश्नच नाही. ती तुमच्या नोंदीसह बाहेर पडते की नोंदीशिवाय, एवढंच तुमच्या हातात असतं.

मोबाइल किंवा गांजा सापडल्याची नोट छोटी असावी: तारीख, किती नग, कोणत्या पोलीस ठाण्यात गुन्हा. कुठे लपवला होता, कसा आत आला, हे शाबासकीच्या ओघात सांगितलं जातं आणि पुढच्यासाठी तो धडाच ठरतो. बराकीचा नंबरही नको, तो दिलात की खबर कुणी दिली हे आतल्यांना कळतं. जाता जाता: १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या कलम ४२ प्रमाणे मनाई असलेली वस्तू आत नेण्याची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोनशे रुपये ऐकून पत्रकार हसतात आणि तीच हेडलाइन करतात, म्हणून लावलेली इतर कलमंही सोबत द्या.

पलायनात मात्र सगळं उलटं. इथे नाव, फोटो, उंची, खुणा, शेवटचे कपडे, हे जितक्या लवकर जाईल तितकं बरं. मार्च २०१५ मध्ये नागपूर मध्यवर्तीतून पाच जण पळाले तशी घटना असेल तर माहितीची सूत्रं पोलिसांकडे द्या आणि कारागृहाने फक्त ओळख पटवणारा मजकूर पुरवावा. मात्र गिनती (बंद्यांची मोजणी) दुसऱ्यांदा जुळवल्याशिवाय आकडा सांगू नका. दवाखान्यात किंवा स्वयंपाकघरात काम करणाऱ्या टोळीत असलेला माणूस "पळाला" म्हणून जाहीर झाला की ते विसरायला लोकांना वर्षं लागतात. संचित रजेवरून परत न आलेला बंदी हे पलायन नाही, हे पहिल्याच फोनला सांगा. नाहीतर 'तुरुंग फोडून पसार' असं छापून येतं.

रजेचा विषय निघालाच आहे. संचित रजा म्हणजे फर्लो, ती शिक्षेचा ठरावीक काळ नीट वागून काढल्यावर मिळते, तिला कारण लागत नाही. अभिवचन रजा म्हणजे पॅरोल, ती आजारपण, मृत्यू अशा कारणासाठी. माफी म्हणजे वर्तन आणि कामाबद्दल शिक्षेतून कमी होणारे दिवस. संजय दत्त २०१३ ते २०१६ येरवड्यात होता तेव्हा या तिन्हींची खिचडी करून महिनोन्‌महिने बातम्या चालल्या, आणि प्रकरण उच्च न्यायालयात जनहित याचिकेपर्यंत गेलं. अशा वेळी "नियमाप्रमाणे" हे उत्तर कुणाचंच समाधान करत नाही. नियम कोणता, मंजुरी कुणी दिली, त्याच काळात त्याच कारागृहातून एकूण किती जणांना तीच रजा मिळाली, हे तीन मुद्दे द्या. तिसरा मुद्दा सगळ्यात उपयोगी, आणि तोच नेहमी राहून जातो.

नावाजलेला आरोपी आत आला की फोन येतात ते जेवणाचे आणि बराकीचे. काय खाल्लं, कुठे झोपला, रडला का. यातलं काहीही सांगायचं नाही, चांगलंही नाही. "साधं जेवण घेतलं" असं आज सांगितलंत की उद्या नाश्त्याचं विचारतात. उत्तर एकच: कारागृहाचा आहार तक्ता हा आहे, सगळ्यांना तोच; घरचं जेवण कोर्टाच्या आदेशाशिवाय मिळत नाही. तक्ता छापून तयार ठेवा. आणि कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर लक्ष ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये बेंगळुरूच्या परप्पन अग्रहार कारागृहात एका कन्नड अभिनेत्याचा हातात सिगारेट आणि कप असलेला फोटो बाहेर आला आणि अधिकारी निलंबित झाले. असा फोटो फुटला तर "फोटो बनावट आहे" असं तपासल्याशिवाय म्हणू नका. फोटोतली जागा, भिंतीचा रंग, खुर्ची ओळखणारी शंभर माणसं बाहेर असतात.

"जामीन झाला तरी सोडलं का नाही?" हा फोन आठवड्याला येतो. ऑर्थर रोडच्या गेटवरची जामीन आदेशाची पेटी २०२१ च्या ऑक्टोबरात देशाला माहीत झाली. क्रूझवरच्या अमली पदार्थ प्रकरणातल्या एका अभिनेत्याच्या मुलाला उच्च न्यायालयाने २८ तारखेला जामीन दिला, २९ ला संध्याकाळी पेटी उघडायच्या आत कागद पोचले नाहीत, सुटका ३० ला सकाळी झाली. (पुढे त्याच्याविरुद्ध आरोपपत्रच दाखल झालं नाही. न्यायाधीन बंद्याला नोटमध्ये "गुन्हेगार" का लिहू नये, याचं हे पुरेसं कारण.) पत्रकाराला साखळी सांगा: आदेश, जामीनदार, कोर्टाचा सुटका आदेश, तो कारागृहात पोचणं, दुसऱ्या गुन्ह्यात हवा आहे का याची पडताळणी, सुटका. आज ती कुठल्या कडीवर अडली आहे तेही सांगा. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलंय की जामीन आदेशाची प्रत कोर्टाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने अधीक्षकांमार्फत बंद्याला द्यावी, अधीक्षकांनी ई-प्रिझन्स या कारागृहांच्या संगणक प्रणालीत जामिनाची तारीख नोंदवावी, आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. तुमच्याकडे असे सात दिवस उलटलेले किती आहेत, आणि कळवलंय का, हे पत्रकाराने विचारण्याआधी स्वतः बघून ठेवा. जामीन होऊन जामीनदाराअभावी अडकलेले बंदी ही कारागृहाने स्वतःहून द्यायची बातमी आहे. त्यात दडवण्यासारखं काही नाही, आणि मदतही मिळते.

आता मुलाखतीचे अर्ज. "तुरुंगात पत्रकारांना बंदी आहे" असं सरसकट सांगू नका, ते चूक आहे. फाशीची शिक्षा झालेल्या बिल्ला आणि रंगा या दोघांची मुलाखत मागणाऱ्या पत्रकार प्रभा दत्त यांच्या अर्जावर नोव्हेंबर १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पत्रकाराचा हक्क निरंकुश नाही, बंद्याची तयारी हवी, पण नाकारायचं तर ठोस कारण हवं. आपल्याकडचंच प्रकरण म्हणजे पत्रकार शीला बारसे यांचं. १९८२ मध्ये त्यांना मुंबई, येरवडा आणि कोल्हापूरच्या कारागृहांतल्या महिला बंद्यांशी बोलायची परवानगी मिळाली, त्या टेप करू लागल्यावर ती काढून घेतली गेली. १९८७ च्या निकालात न्यायालयाने भेटीचा मार्ग मोकळा ठेवला, मात्र बंद्याची संमती, ध्वनिमुद्रणाची वेगळी परवानगी आणि मिळालेली माहिती अधिकाऱ्यांकडून तपासून घेणं, या अटी मान्य केल्या. म्हणून अर्जात ध्वनिमुद्रण, चित्रीकरण, फोटो यांचे वेगवेगळे रकाने ठेवा. भांडण नेहमी तिथेच होतं.

२०१५ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणातल्या दोषीची तिहारमध्ये चित्रित केलेली मुलाखत गाजली आणि त्याच जुलैत केंद्रीय गृह मंत्रालयाने सूचना काढल्या. एरवी कुणाला लेख, माहितीपट किंवा मुलाखतीसाठी आत सोडू नये. समाजाला उपयोगी विषय असेल तर राज्याने परवानगी द्यावी. माहितीपट करणाऱ्याकडून एक लाख रुपये अनामत. भेटीत अधीक्षक हजर. उपकरणं तीन दिवस अधीक्षकांकडे तपासणीला. परदेशी माणसाचा अर्ज गृह मंत्रालयाकडे जातो. या सूचना आहेत, न्यायालयाचे निकाल त्यांच्या वर राहतात, हे विसरू नका. अर्ज तुमच्या टेबलावर पडून राहू देऊ नका. त्रुटी असेल तर आठवड्यात कळवा, नाहीतर मुख्यालयाकडे पाठवा आणि जावक क्रमांक पत्रकाराला द्या. नकार द्यायचा तर कारणासह लेखी. न्यायाधीन बंदी असेल तर त्याच्या वकिलाला कळू द्या, संबंधित कोर्टाचा आदेश लागेल का ते सरकारी वकिलांना विचारा. संमतीपत्र बंद्याच्या भाषेत, वाचून दाखवलेलं, आणि मुलाखतीच्या दिवशी पुन्हा विचारून. आदल्या दिवशी हो म्हणालेला माणूस कॅमेरा बघून नाही म्हणाला तर तिथेच थांबायचं.

बंद्याने स्वतः लिहिलेलं बाहेर जाऊ न देण्याच्या भानगडीत तर पडूच नका. मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरींनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं, सरकारने हस्तलिखित बाहेर पाठवायला नकार दिला आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकार हरलं. १९९४ च्या ऑटो शंकर (फाशीची शिक्षा झालेला एक बंदी) याच्या आत्मचरित्राच्या प्रकरणातही बदनामी होईल या भीतीने छपाई आधीच रोखायचा अधिकार अधिकाऱ्यांना नाही, हे स्पष्ट झालं. चूक छापली तर नंतर कायदेशीर मार्ग आहे.

परवानगी मिळाली, चित्रीकरणाचा दिवस आला, की तुमचं काम सुरक्षेच्या नजरेने फ्रेम बघण्याचं. आदल्या दिवशी तोच रस्ता मोबाइल कॅमेऱ्याने चालून बघा. पहिला धोका चाव्या: हवालदाराच्या कमरेचा जुडगा जवळून स्पष्ट दिसला तर त्यावरून चावी करता येते. दुसरा, गेटजवळचा फळा. त्यावर त्या दिवशीची बंदीसंख्या, बराकनिहाय आकडे, कधीकधी ड्युटीवरच्यांची नावं खडूने लिहिलेली असतात. तो झाका. सीसीटीव्हीच्या पडद्यांची खोली दाखवायला सगळ्यांना आवडते, पण त्यात कुठला कोपरा कॅमेऱ्यात येत नाही हेही दिसतं. मनोऱ्यापासून भिंतीपर्यंतचा सलग शॉट नको. आणि मागे उभे असलेले बंदी! ज्याची संमती आहे तो पुढे बोलतोय आणि मागे आठ जण पाण्याच्या हौदापाशी उभे आहेत, त्यातला एखादा साक्षीदार असतो, एखाद्याच्या घरी तो दुबईला आहे असं सांगितलेलं असतं. म्हणून जागा अशी निवडा की मागे भिंत येईल. चेहरा धूसर करू असं आश्वासन मिळतं, संपादनाच्या घाईत ते विसरलं जातं. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख बोलण्यातून निघाली तर ते वाक्य तिथेच थांबवा, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली तो गुन्हा आहे. गळाभेटीच्या (बंदी आपल्या मुलांना जवळून भेटतात त्या) कार्यक्रमात बंद्यांच्या मुलांचे फोटो फार सुंदर येतात. पाठमोरे किंवा हातांचे काढा. ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत जाणार असतं.

चांगल्या बातम्यांबद्दल थोडक्यात. नाशिकरोडच्या गणेशमूर्ती, दिवाळीचा फराळ, सुतारकाम, या बातम्या छापून येतात आणि याव्यात. त्यात वस्तूची किंमत, विक्री केंद्राचा पत्ता आणि वेळ, बंद्याला मिळणारं वेतन, एवढं असलं की पुरे. 'कैद्यांचं आयुष्य बदललं' हे वाक्य तुम्ही लिहू नका. आणि मृत्यूच्या बातमीच्या दिवशी फराळाची नोट काढू नका, ती लक्ष वळवण्यासाठी काढली असंच वाटतं.

बातमी चुकीची छापून आली तर खुलासा त्याच दिवशी दुपारपर्यंत, कारण वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्त्या लवकर सुटतात. तारीख, पान, शीर्षक, चुकलेलं नेमकं वाक्य, त्याखाली बरोबर माहिती आणि तिचा कागद. दीडशे शब्दांच्या आत. "खोडसाळ", "दिशाभूल करणारी", "हेतुपुरस्सर" हे शब्द काढून टाका. ते असले की संपादक खुलासा छापत नाही आणि बातमीदार पुढच्या वेळी तुम्हाला विचारत नाही. बातमीत दहा मुद्दे असतील आणि आठ बरोबर असतील तर उरलेल्या दोनांचाच खुलासा करा. प्रसारमाध्यमांनी दाखवलेली चूक कधीकधी खरी असते. तुरुंगांच्या नियमावल्यांमधल्या जातिभेदावर पत्रकार सुकन्या शांता यांनी लिहिलं, त्या स्वतःच याचिका घेऊन न्यायालयात गेल्या, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द करून नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. तुमच्या प्रेसनोटच्या जुन्या नमुन्यात जात लिहायची जागा असेल तर ती आजच खोडा.

आकडे मागितले की तारीख लावूनच द्या. "सकाळच्या उघडणीला (बराकी उघडताना), अमुक तारखेला, मान्य क्षमता इतकी, प्रत्यक्ष संख्या इतकी, पैकी न्यायाधीन इतके." गर्दी लपवू नका, ती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात येतेच. ३१ डिसेंबर २०२२ ला देशातल्या कारागृहांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसं होती. दर चारांतले तीन न्यायाधीन. माहिती अधिकाराच्या कलम ४ खाली जे आपणहून प्रसिद्ध करायचं ते कारागृहाच्या पानावर ताजं ठेवलंत तर निम्मे फोन कमी होतात. जीवित किंवा स्वातंत्र्याशी संबंधित अर्ज आला तर उत्तराची मुदत ३० दिवसांची नसून ४८ तासांची असते, हे आवक कारकुनाला सांगून ठेवा; असे अर्ज बहुधा नेहमीच्या गठ्ठ्यातच अडकतात.

शेवटी एक वही घाला. रकाने असे: तारीख व वेळ, पत्रकाराचं नाव आणि वृत्तसंस्था, प्रश्न, दिलेलं उत्तर शब्दशः, कुणाच्या मान्यतेने, कुठल्या रजिस्टरवरून, पुन्हा बोलायचं कबूल केलं असेल तर ती वेळ. व्हॉट्सॲप ग्रुपवर नोट टाकलीत तर सहीची पीडीएफ आणि युनिकोडमधला मजकूर दोन्ही टाका, कारण पीडीएफ बघून परत टाइप करताना वयाचे आणि वेळेचे आकडे बदलतात. तुमची बदली झाली की ही वही चार्ज यादीत (कार्यभार सोपवतानाच्या यादीत) लिहून पुढच्याच्या हातात द्या.